ऑन्टारिओत खड्डे खणताना: बांधकामाआधीच्या पुरातत्त्व तपासणीत येऊ पाहणाऱ्यांसाठी

पुण्यात पुरातत्त्वात एम.ए. करून कॅनडात आलेली मुलंमुली हमखास विचारतात, "ताई, इथे उत्खननाचं काम मिळतं का?" मिळतं. पण विद्यापीठांत फार नाही. बिल्डर, नगरपालिका आणि रस्तेवाल्यांसाठी जमिनीची तपासणी करून देणाऱ्या खासगी कंपन्यांत मिळतं. आणि ते आपण शिकलो त्या उत्खननाच्या जवळजवळ उलट आहे.

आपल्याकडे जागा संशोधक निवडतो. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खणलं, ते तिथे ताम्रपाषाणयुगीन वस्ती आहे हे कळल्यावर. नदीकाठची पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं हिंडायची, खापऱ्या वेचायच्या आणि मग खड्डा टाकायचा, हे आपल्या हाडात बसलेलं असतं. ऑन्टारिओत जागा बिल्डर निवडतो. टेकाड नसतं, पांढर नसते, असतं सपाट सोयाबीनचं शेत नाहीतर कुणाचं तरी मागचं अंगण. बहुतेक वेळा तिथे काहीही नसतं. विहीर खणणाऱ्याला पाणी लागलं की आनंद होतो. इथे काही लागलं नाही की गिऱ्हाईक खूश. ते "काही नाही" खात्रीचं असणं, एवढाच आपला माल. याचा कंटाळा येणाऱ्यांनी दुसरं काही बघावं, मी अगदी मनापासून सांगते.

नियोजनाच्या आणि पर्यावरणाच्या कायद्यांमुळे ही तपासणी करावी लागते आणि खर्च बांधणाऱ्याच्या खिशातून जातो. भारतात २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण आहे, म्हणजे कायदा फिरतो तो माहीत असलेल्या स्मारकाभोवती. इथला कायदा माहीत नसलेल्या गोष्टीची काळजी करतो. कागदावर मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात सगळं वेळापत्रकावर येऊन अडतं, कारण बुलडोझर भाड्याने आणलेला असतो.

कामाचे चार टप्पे. पहिला टप्पा टेबलावरचा, आणि नवखे त्याला उगाच कमी लेखतात. जागा पाण्यापासून ३०० मीटरच्या आत आहे का, उंचवटा आहे का, माती वाळूची आहे का, जवळ नोंदलेलं स्थळ किंवा जुना रस्ता आहे का, हे बघायचं. यात "पाणी" म्हणजे आजचंच नव्हे. हिमयुगाच्या शेवटी इथे इरोक्वॉय नावाचं मोठं सरोवर होतं, त्याचा काठ टोरोंटो शहरातून जातो. डेव्हनपोर्ट रोड त्या काठाच्या पायथ्याशी धावतो, मुळात ती आदिवासींची पायवाट. सरळ रेषांच्या शहरात हा रस्ता वळत का जातो, हे नकाशा बघून लगेच कळतं. १८७८ चा यॉर्क काउंटीचा, म्हणजे टोरोंटो परिसराचा, ॲटलास उघडला की कुणाचं शेत कुठे, घर कुठे, तेही दिसतं. असे नकाशे वाचता येणारा माणूस कंपनीला हवाच असतो.

दुसऱ्या टप्प्यात पाय आणि कंबर कामाला लागतात. नांगरता येणारी जमीन असेल तर ती आधी नांगरायची, तिच्यावर पाऊस पडू द्यायचा आणि मग पाच-पाच मीटरवर रांगेने चालत खाली बघायचं. पाऊस का? धूळ धुतली गेल्याशिवाय चर्टचे, म्हणजे हत्यारं घडवायच्या गारगोटीसारख्या दगडाचे, छिलके डोळ्यांना दिसत नाहीत. ईरी सरोवराच्या उत्तर काठाचा करडा, ठिपकेदार ओनोंडागा चर्ट एकदा ओळखायला शिकलात की ढेकळांतूनही तो उठून दिसतो.

नांगरता येत नसेल, म्हणजे झाडी किंवा हिरवळ असेल, तर टेस्ट पिट, म्हणजे चाचणीचे छोटे खड्डे. संभाव्य जागी दर पाच मीटरवर एक, म्हणजे हेक्टरी चारशे. खड्डा किमान ३० सेंटिमीटर व्यासाचा. फावड्याने गवताचा थर अखंड उचलून बाजूला ठेवायचा, माती ६ मिलिमीटरच्या जाळीतून चाळायची, खालच्या पिवळट मातीत आणखी पाच सेंटिमीटर उतरायचं आणि खड्ड्याच्या भिंती नीट बघायच्या. काळा डाग, कोळसा, विटेचा चुरा दिसतो का? मग खड्डा भरून गवत परत बसवायचं, घरमालक खिडकीतून बघत असतोच. जोडीतला एक खणतो, एक चाळतो, थोड्या वेळाने अदलाबदल. चाळणीत खिळा आला तर फेकू नका. हाताने घडवलेला, यंत्राने कापलेला चौकोनी आणि तारेचा गोल, असे तीन प्रकार. गोल खिळे साधारण १८९० नंतर सर्रास झाले, त्यामुळे मूठभर खिळे आणि चार चिनी मातीच्या तुकड्यांवरून घर कधीचं याचा अंदाज बांधता येतो.

काही सापडलं तर तिसऱ्या टप्प्यात एक-एक मीटरचे चौकोन खणून स्थळाची व्याप्ती ठरवतात. चौथ्या टप्प्यात एकतर ते राखतात किंवा पूर्ण खणतात. टोरोंटोजवळच्या स्टूफव्हिलला घरांची नवी वसाहत उभी राहण्याआधी २००३ ते २००५ मध्ये सोळाव्या-सतराव्या शतकातलं वेंडाट या आदिवासी लोकांचं अख्खं गाव उघडं झालं, शंभराच्या आसपास लाँगहाऊसं, म्हणजे अनेक कुटुंबांची लांबलचक लाकडी घरं. घरं म्हणजे काय, तर मातीत खांबांचे गोल काळसर डाग. त्यात युरोपातल्या बास्क प्रदेशातून आलेला लोखंडाचा तुकडाही सापडला.

मानवी अवशेष दिसले तर काम तिथल्या तिथे थांबतं. पोलीस आणि कोरोनर (मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) यांना कळवावं लागतं. २००५ मध्ये टोरोंटोजवळच्याच व्हॉनमध्ये टेस्टन रोड रुंद करताना वेंडाट पूर्वजांची सामूहिक दफनभूमी लागली होती. शेतात तुमच्यासोबत बऱ्याचदा त्या त्या आदिवासी राष्ट्राचा प्रतिनिधी असतो. त्यांना पाहुणे समजू नका आणि देखरेखवालेही. कोणती माती लवकर भिजते, ओढा कुठून वळला, हे त्यांच्याकडून ऐकून घ्या. बाहेरून येऊन त्यांच्या पूर्वजांची जमीन आपण खणतो आहोत, हे लक्षात ठेवून बोलणं बरं.

आता व्यवहाराचं. मोटार चालवता येत नसेल तर आधी लायसन्स काढा, कामाच्या जागा बसच्या वाटेवर नसतात. लोखंडी टोकाचे बूट, चमकदार जाकीट, गोचिडांसाठी पायमोज्यात खोचलेली पँट, आणि पॉयझन आयव्ही ही अंगाला खाज-पुरळ आणणारी वेल ओळखण्याची सवय. खणण्याआधी जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइनी आखून घेतल्यात का, हे क्रू लीडला, म्हणजे तुमच्या टोळीच्या प्रमुखाला, विचारायला लाजू नका. जमीन गोठली की हंगाम संपतो, बरेच जण हिवाळ्यात बेकार असतात, तेव्हा पैसे उन्हाळ्यातच बाजूला टाका. पगार मेहनतीच्या मानाने बेताचा.

स्वतःच्या नावावर प्रकल्प घ्यायचे असतील तर प्रांताचा व्यावसायिक परवाना लागतो. त्याला पदव्युत्तर पदवी आणि कामाच्या आठवड्यांची नोंद लागते, त्यातला काही अनुभव ऑन्टारिओतलाच हवा. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, प्रकल्प, टप्पा, काय केलं, कुणाच्या हाताखाली. हंगाम संपला की त्यावर सही घ्या. कंपन्या बदलतात, क्रू लीड पश्चिमेकडे निघून जातात, आणि दोन वर्षांनी सहीसाठी ईमेल लिहीत बसायची वेळ आली तर उत्तर येईलच असं नाही.