जुलाब लागल्यावर जलसंजीवनी कशी करावी, किती पाजावी

नाशिक जिल्ह्यात पाणी बाधण्याचे हंगाम दोन. उन्हाळ्यात येवला, नांदगाव, सिन्नरकडे टँकरचे पाणी पिंपात साठवून दिवसेंदिवस वापरले जाते, तेव्हा एक. मृगाचा पाऊस पडला की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या उघड्या विहिरींत आणि झऱ्यांत वरून वाहून आलेली घाण उतरते, तेव्हा दुसरा. जुलाब दोन-चार दिवसांत बहुधा आपोआप थांबतात. माणूस दगावतो तो जुलाबाबरोबर निघून गेलेल्या पाण्यामुळे आणि क्षारांमुळे. म्हणून ‘जुलाब बंद कसे करायचे’ यापेक्षा ‘गेलेले पाणी परत कसे भरायचे’ हा प्रश्न आधी सोडवायचा. ते भरून काढणारे साखर-मिठाचे मापात केलेले पाणी म्हणजे जलसंजीवनी, इंग्रजीत ओआरएस.

आतड्यात काय घडते

दिवसभरात आपण साधारण २ लिटर पाणी पितो. लाळ, जठररस, पित्तरस, स्वादुरस आणि आतड्यातले स्राव मिळून आणखी ७ लिटर पचनमार्गात उतरतात. या ९ लिटरपैकी जवळजवळ सगळे आतडी परत शोषून घेतात. शौचावाटे १०० ते २०० मिलिलिटरच बाहेर पडते. जंतूंनी हे शोषण बिघडवले किंवा स्राव वाढवले की हिशेब कोलमडतो. कॉलऱ्याचे विष आतड्याच्या पेशींना क्लोराइड बाहेर टाकत राहायला लावते आणि त्यामागोमाग पाणी येते. १० किलोच्या मुलाच्या अंगातून १ लिटर पाणी गेले, तर वजनाच्या १० टक्के गेले. एवढ्याने जीव धोक्यात येतो.

अशा आजारातही शोषणाची एक वाट उघडी राहते. लहान आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन असते. ते साखरेतल्या ग्लुकोजचा एक रेणू आणि मिठातल्या सोडिअमचे दोन आयन एकत्रच आत घेते. हे दोन्ही आत गेले की परासरणाने, म्हणजे दाट द्रावणाकडे पाणी ओढले जाण्याने, पाणीही त्यांच्या मागोमाग आत जाते. नुसत्या मिठाच्या पाण्याने हे होत नाही, नुसत्या साखरेच्या पाण्यानेही नाही. दोन्ही हवेत, आणि मापात हवेत.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपात भरून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. हे पाणी पाजणारे हात डॉक्टर-नर्सचे नव्हते, घरच्यांचे होते. ही पद्धत घरी करता येते ती त्यामुळेच.

पाकीट असेल तर

आशाताईंकडे, अंगणवाडीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ओआरएसचे पाकीट फुकट मिळते. औषधाच्या दुकानात मिळतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे १ लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडिअम सायट्रेट असते, एकूण २०.५ ग्रॅम. घेताना पाकिटावर हे सूत्र आहे का ते वाचा. रंगीत खोक्यातली गोड पेये वेगळी. त्यांत साखर जास्त आणि सोडिअम कमी असू शकते. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली ती याचसाठी.

आधी पाकिटावर पाहा: १ लिटरचे आहे की २०० मिलिलिटरचे? दोन्ही बाजारात आहेत. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लिटरभराचे पाकीट कुणी तांब्याभर पाण्यात ओतते, कुणी त्यातले चिमूटभर पेल्यात टाकून उरलेले घडी घालून ठेवते. पाणी कमी पडले तर द्रावण दाट होते, परासरण उलट दिशेने चालते, म्हणजे शरीरातले पाणी आतड्यात खेचले जाते आणि जुलाब वाढतात. शिवाय रक्तातले सोडिअम वाढते. लहान मुलाला त्याने झटके येऊ शकतात. पाणी जास्त झाले तर क्षार पुरेसे मिळत नाहीत. घरचा तांब्या किती पाण्याचा हे बहुतेकांना ठाऊक नसते, तेव्हा १ लिटरची पाण्याची रिकामी बाटली धुऊन मापाला ठेवा. पेल्याचे मापही एकदा मिलिलिटरमध्ये काढून घ्या, पुढे लागेल.

हात साबणाने धुवा. पाणी खळखळ उकळू लागल्यावर आणखी एक मिनिट उकळा, झाकून पूर्ण गार करा आणि मगच मापा, कारण उकळताना पाणी आटते. गढूळ असेल तर आधी निवळू द्या, चौपदरी सुती कापडातून गाळा, मग उकळा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. रामकुंडावरून आणलेले गंगेचे (गोदावरीचे) पाणी देवघरात ठेवा. जलसंजीवनी त्यात कालवू नका.

मोजलेल्या पाण्यात अख्खे पाकीट रिकामे करा आणि विरघळेपर्यंत ढवळा. वरून साखर, मीठ, सरबत, दूध काही घालायचे नाही. एकदा विरघळल्यावर पुन्हा उकळायचेही नाही. झाकून ठेवा, २४ तासांनंतर उरलेले ओतून द्या आणि नवे करा. गोडसर पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात.

पाकीट नसेल तर

१ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा. स्वयंपाकघरातले चमचे लहानमोठे असतात, म्हणून खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे खुणांचे टोपण धुऊन कोरडे करून वापरा: साखर ५ च्या खुणेपर्यंत सहा वेळा, मीठ २.५ च्या खुणेपर्यंत एकदाच. शीग लावायची नाही. मीठ रोजचे बारीक घ्या. खडेमिठाच्या खड्यांमध्ये पोकळी राहते, माप चुकते.

साखर ग्लुकोजच्या दुप्पट का लागते? साखरेचा रेणू आतड्यात फुटून निम्मे ग्लुकोज आणि निम्मे फ्रुक्टोज देतो. सहा चमचे म्हणजे सुमारे २५ ग्रॅम साखर, तिच्यातून १३ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज निघते आणि पाकिटातल्या आकड्याशी मेळ बसतो.

पाजण्याआधी चाखून पाहा. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागले तर ओतून द्या आणि नव्याने करा. साखर वाढवून चव झाकू नका. या घरगुती द्रावणात पोटॅशिअम नसते, म्हणून पाकीट मिळेपर्यंतच ते वापरायचे. जोडीला किंचित मीठ घातलेली तांदळाची किंवा नागलीची पातळ पेज, वरणाचे पाणी, ताक, केळे चालते.

किती आणि कसे पाजायचे

शोष पडलेला नसेल, म्हणजे अंगातले पाणी कमी झाल्याची पुढे दिलेली लक्षणे नसतील, तर प्रत्येक पातळ शौचानंतर २ वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, २ ते १० वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, त्याहून मोठ्यांना तहान भागेल तितके. बाळाला वाटी-चमच्याने द्या. बाटलीने नको, तिचे बूच नीट साफ होत नाही. मोठ्या मुलाला पेल्यातून घोट घोट. घटाघटा प्यायले की पोट ताणते आणि उलटी होते. उलटी झाली तर ‘पोटात काही राहतच नाही’ म्हणून सोडून देऊ नका. १० मिनिटे थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एक चमचा या गतीने पुन्हा सुरू करा.

जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत, आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. मग कुणी गोळी देऊन आतडे बांधून टाकते. लहान मुलांना ती गोळी धोक्याची आहे. जंतुनाशक औषधही (अँटिबायोटिक) डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. मुलांना खरोखर उपयोग होतो तो झिंकचा: २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, ६ महिने ते ५ वर्षांपर्यंत एक गोळी, चमचाभर आईच्या दुधात किंवा स्वच्छ पाण्यात विरघळवून, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे.

अंगावरचे दूध तोडू नका. जेवणही बंद नको. मऊ भात-वरण, खिचडी थोडीथोडी देत राहा.

अंगातले पाणी किती गेले ते कसे ओळखायचे

मूल चिडचिडे झाले आहे का? डोळे खोल गेले आहेत का? पाणी दिसताच अधाशासारखे पिते का? मग त्वचा तपासा. मुलाला उताणे निजवा, बेंबी आणि कूस यांच्या मधोमध, शरीराच्या लांबीच्या दिशेने, अंगठा आणि तर्जनीने त्वचेची घडी एक सेकंद धरून सोडा. घडी लगेच सपाट व्हायला हवी. म्हाताऱ्या माणसांची त्वचा एरवीही सैल असते, त्यांच्या बाबतीत ही खूण फसवते. तिथे लघवी पाहा. गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडते आहे.

यांतली दोन लक्षणे दिसली तर आरोग्य केंद्रात न्या. तिथे किलोला ७५ मिलिलिटर या हिशेबाने ४ तासांत जलसंजीवनी पाजतात (१२ किलोच्या मुलाला ९०० मिलिलिटर) आणि पुन्हा तपासतात.

घडी सपाट व्हायला २ सेकंदांहून जास्त वेळ लागला, मूल सुस्त पडून आहे, पिता येत नाही, ६ तासांत लघवी नाही, शौचात रक्त आहे किंवा भाताच्या पेजेसारखे पाणी भसाभस जाते आहे, तर घरी थांबू नका, १०८ ला फोन करा. सुरगाण्याच्या पाड्यावरून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात पोहोचायला काही तास जातात, म्हणून बाटली सोबत घ्या आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाला वाटेत घोट घोट देत राहा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही ओतू नका, तो श्वासनलिकेत जाईल. कुशीवर निजवून न्या. जुलाब कधी सुरू झाले, किती वेळा झाले, शेवटची लघवी केव्हा झाली आणि किती जलसंजीवनी पोटात गेली, हे चार आकडे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या.