जुनं संगीत शेअर करताना दोन हक्क तपासा

संगीतकाराला जाऊन किती वर्षं झाली, एवढंच पाहून जुनी सुरावट अपलोड करू नका. रचनेचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. २०० वर्षांपूर्वीची रचना आज सगळ्यांची असते. पण ती कुणी गेल्या वर्षी वाजवून रेकॉर्ड केली असेल, तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क शाबूत असतो. असावाच, त्यामागे वादकांचा कित्येक वर्षांचा रियाज असतो. रचनेसाठी बर्न करारानुसार (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) संगीतकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं संरक्षण आहे, अनेक देशांत ७०. ही मुदत संपून मुक्त झालेली रचना स्वतः वाजवलीत तर प्रश्नच मिटला. नाहीतर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं (म्हणजे हक्कदाराने काही अटींवर वापराची परवानगी आधीच दिलेलं) रेकॉर्डिंग शोधा आणि अटी वाचा; ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल) असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही. नुसतं ‘श्रेय मूळ कलाकाराला’ लिहून परवानगी मिळत नाही.