६ गिगाहर्ट्झची ओळ लिहिण्याआधी

सरकारनं वाय-फायसाठी नवा पट्टा खुला केला की लिनक्सच्या वायरलेस-रेगडीबीत, म्हणजे देशोदेशीचे वाय-फायचे नियम नोंदवणाऱ्या फाइलीत, आपल्या देशाची नोंद बदलायची हुक्की कुणाला तरी येतेच. बदल जेमतेम एका ओळीचा. पण पुढे ती ओळ अनोळखी माणसांच्या लॅपटॉप-राउटरमध्ये जाऊन बसते आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती ताकदीनं बोलायचं ते ठरवते. म्हणून फाइल उघडण्याआधी थोडा गृहपाठ.

पहिल्यांदा कागद हातात घ्या, तोही राजपत्राचाच. बातमी चालणार नाही, कंपनीचं प्रसिद्धिपत्रक तर नाहीच. मसुदा आणि अंतिम अधिसूचना यांची गल्लत हमखास होते. दूरसंचार विभागानं मे २०२५ मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झसाठी जे काढलं होतं तो हरकती-सूचना मागवणारा मसुदा होता, आणि मसुद्यावरून नोंद करायची नसते. अंतिम अधिसूचनेचा क्रमांक, तारीख आणि दुवा टिपून ठेवा, पॅचसोबत, म्हणजे तुम्ही पाठवायच्या बदलासोबत, द्यायचे आहेत. जुने नियमही शेजारी असू द्यात. ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झमधले ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले. त्या ओळींना नवा कागद हात लावत नसेल तर तुम्हीही लावू नका.

पट्ट्याच्या सीमा जशा छापल्या आहेत तशाच उतरवा. युरोपची सुरुवात ५९४५ पासून होते, आपल्या मसुद्याची ५९२५ पासून. शेजाऱ्याची ओळ चिकटवली की हे २० मेगाहर्ट्झ गुपचूप गळतात.

ताकदीच्या आकड्यापाशी मात्र घाई नको. राजपत्र कधी मिलीवॅटमध्ये बोलतं, कधी डीबीएममध्ये (१ मिलीवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली ताकद): २०० मिलीवॅट म्हणजे २३ डीबीएम, १ वॅट म्हणजे ३०. आकडा अँटेनाचा गेन (सिग्नल एका दिशेला एकवटून मिळणारी वाढ) धरून आहे की न धरता, हे व्याख्यांच्या कलमात सापडतं आणि ते कलम कुणी वाचत नाही. त्याहून अवघड असते दर मेगाहर्ट्झमागची मर्यादा. अमेरिकेत एफसीसीनं (तिथल्या दूरसंचार नियामकानं) एप्रिल २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ असा सलग १२०० मेगाहर्ट्झचा पट्टा खुला केला. तिथे घरातल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला एकूण ३० डीबीएम, पण दर मेगाहर्ट्झ फक्त ५. त्याला जोडलेल्या फोन-लॅपटॉपला एकूण २४ आणि दर मेगाहर्ट्झ उणे १. आपल्या फाइलच्या ओळीत दर मेगाहर्ट्झचा रकाना नाही. मग अमेरिकेच्या ओळीत आकडा पडला १२. सगळ्यात अरुंद चॅनेल २० मेगाहर्ट्झचं, २० पट म्हणजे साधारण १३ डेसिबल, त्यातून फोन-लॅपटॉपच्या उणे १ मधला १ वजा. १६० मेगाहर्ट्झच्या चॅनेलला हाच हिशेब २१ पर्यंत जातो, म्हणजे रुंद चॅनेल वापरणाऱ्यावर अन्याय होतो. होऊ द्या. या फाइलनं कायद्यापेक्षा कमी बोललेलं चालतं, जास्त बोललेलं चालत नाही.

घरात की बाहेर, हा पुढचा प्रश्न. ५९२५ ते ६४२५ हा उपग्रहांकडे सिग्नल चढवण्याचा जुना सी-बँड आहे, म्हणून बहुतेक देश इथे भिंतींचा आडोसा मागतात. मसुद्यात घरातल्या कमी ताकदीला ३० डीबीएम आणि बाहेरच्या अतिकमी ताकदीला १४ अशा दोन तऱ्हा होत्या. एकाच पट्ट्यासाठी दोन ओळी लिहिता येत नाहीत, तेव्हा युरोपच्या नोंदीसारखी घरातली मर्यादा घ्या आणि पुढे नो-आउटडोअर हा झेंडा, म्हणजे ‘बाहेर वापर नको’ अशी खूण, लावा. हे लावायला विसरलात तर बाकी सगळं बरोबर असूनही नोंद चूक. तेलाच्या फलाटांवर बंदी, गाड्या-बोटींत बंदी, ड्रोनसाठी बंदी असल्या अटी कुठल्याच झेंड्यात बसत नाहीत. त्या पॅचच्या वर्णनात लिहा.

आता तपासणी. फाइलपासून तयार होणारा डेटाबेस सहीबंद असतो आणि तुमची घरगुती सही कर्नल (लिनक्सचा गाभा) ओळखत नाही. तेव्हा चाचणीच्या यंत्रावर आपली किल्ली आत घालून किंवा सहीची अट काढून कर्नल आधीच बांधून ठेवा. मग टर्मिनलवर ‘आयडब्ल्यू रेग रीलोड’ ही आज्ञा (डेटाबेस पुन्हा वाचायला), देश बदला, ‘आयडब्ल्यू रेग गेट’ (लागू नियम बघायला). उत्तरात ‘सेल्फ-मॅनेज्ड’ दिसलं तर थांबा: ते कार्ड आपले नियम फर्मवेअरमधून घेतं, तुमच्या ओळीला विचारतही नाही. मी एकदा अख्खी संध्याकाळ अशाच कार्डावर घालवली आणि दोष स्वतःच्या ओळीत शोधत बसलो. दुसरं, साधं यूएसबी कार्ड जवळ असलेलं बरं, मात्र त्याला ६ गिगाहर्ट्झ येतं ना, ते विकत घेण्याआधी बघा.

पाठवताना एका पॅचमध्ये एकच देश. शीर्षकात देशाचं नाव आणि कोड, खाली राजपत्राचा दुवा, कलमांचे क्रमांक आणि ताकदीचा हिशेब आकड्यांनिशी, शेवटी तुमच्या नावाची साइन्ड-ऑफ-बाय ओळ, म्हणजे हा बदल पाठवायचा हक्क असल्याची तुमची ग्वाही. तुमचा आकडा कुठून आला हे तपासणाऱ्याला पुन्हा मोडून बघावं लागलं तर पॅच परत येतो, आणि यायलाच हवा. स्वीकारला गेला तरी डिस्ट्रोचं (तुमच्या लिनक्स वितरणाचं) पॅकेज आणि राउटरचं फर्मवेअर नवं होईपर्यंत घरच्या राउटरवर काहीच बदललेलं दिसणार नाही. तोवर मित्रांना जुळवाजुळव करून देश ‘यूएस’ टाकायचा सल्ला देऊ नका.