हृदयाच्या मायटोकॉन्ड्रियांतले (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतले) आरओएस, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणारे अतिक्रियाशील रेणू, मोजताय? या चुका टाळा

उंदराच्या हृदयातून काढलेले मायटोकॉन्ड्रिया क्युव्हेटमध्ये टाकले, सक्सिनेट हे इंधन दिलं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड दाखवणाऱ्या ॲम्प्लेक्स रेड या रंगाचा आलेख झपाट्याने चढला, की आपण खुश होतो. इथेच पहिली चूक होते. एडीपी (ज्यापासून एटीपी बनतं तो कच्चा माल) न देता नुसतं सक्सिनेट दिलं, तर आतल्या पडद्यावरचं विभव (विद्युत दाब) वाढतं, इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या क्यू या रेणूचा साठा इलेक्ट्रॉनांनी तुडुंब भरतो आणि ते उलटे कॉम्प्लेक्स १ कडे, म्हणजे श्वसनसाखळीतल्या पहिल्या प्रथिनसंचाकडे, ढकलले जातात. सुपरऑक्साइड हे आरओएस तिथे बनतं आणि त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड. धडधडत्या हृदयात एडीपी सतत येत असतं, त्यामुळे हा आकडा त्याचा रोजचा हिशेब नव्हे.

खात्री करायची तर कॉम्प्लेक्स १ अडवणारं रोटेनोन घाला. सक्सिनेटवर सिग्नल कोसळला, तर प्रवाह उलटाच होता. कॉम्प्लेक्स १ ला सरळ दिशेने इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या ग्लुटामेट-मॅलेट या इंधनावर मात्र तेच रोटेनोन सिग्नल वाढवतं. हे बघून 'बाटली खराब आहे' म्हणत नवीन मागवणारे विद्यार्थी मी पाहिलेत! बाटली ठीक असते, इलेक्ट्रॉनांची दिशा बदललेली असते.

म्हणून सक्सिनेटचा प्रयोग निरुपयोगी समजू नका. रक्तपुरवठा तुटला की हृदयात सक्सिनेट साचतं आणि रक्त परत आलं की ते भराभर जळतं. त्या पहिल्या काही मिनिटांत हाच उलटा प्रवाह आरओएस ओकतो, हे २०१४ साली केंब्रिजच्या गटाने उंदरांवर दाखवलं. तो प्रसंग अभ्यासायचा असेल तर सक्सिनेट योग्यच.

'श्वसनातला २ टक्के ऑक्सिजन आरओएस होतो' हे वाक्य प्रबंधातून काढून टाका. त्याचं मूळ १९७० च्या दशकातल्या, वेगळ्या काढलेल्या मायटोकॉन्ड्रियांवरच्या मोजमापांत आहे, आणि तीही भरपूर सबस्ट्रेट (इंधन) देऊन केलेली.

सुपरऑक्साइड दाखवणाऱ्या मायटोसॉक्स या रंगाने तर अनेकांना फसवलंय. हा रंग धनभारित असल्याने विभवाच्या ओढीने आत साचतो. विभव पाडणारं एफसीसीपी दिल्यावर लाली घटली, तर आरओएस घटले की रंगच बाहेर पडला, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. केंद्रक लाल दिसू लागलं तर मात्रा जास्त झाली समजा. सुपरऑक्साइडशी क्रिया होऊन या रंगापासून बनणारा खास पदार्थ वेगळा मोजायला एचपीएलसी हे मिश्रणातले घटक वेगळे करणारं तंत्र लागतं.

ॲम्प्लेक्स रेडच्या नळ्या उजेडापासून झाका. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड तोडणारं कॅटॅलेज हे एन्झाइम घाला. चढण थांबली नाही, तर तो सिग्नल हायड्रोजन पेरॉक्साइडचा नाही.