लहान लेकरांच्या त्रासदायक वागणुकीची पालक-प्रश्नावली मराठवाड्यात कशी तपासून घ्यावी

तीन-चार वर्षांचं लेकरू चावतं, ओरबाडतं, भोकाड पसरून जमिनीवर लोळण घेतं. हे वयानुसार चाललंय की मदतीची गरज आहे, याचा अंदाज घ्यायला जगभर पालकांना ठरावीक प्रश्न विचारतात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांच्या प्रश्नावलीत ३६ प्रश्न आहेत. प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे बेरीज ३६ ते २५२ मध्ये येते, आणि १३१ किंवा त्याहून जास्त आले की पुढची तपासणी सुचवतात. पण हा १३१ चा आकडा अमेरिकेतल्या मुलांवरून काढलेला आहे. प्रश्नांचं मराठी भाषांतर केलं म्हणून तो आकडा जालना किंवा परभणीच्या लेकराला लागू होत नाही. प्रश्नावली भाषांतरित असो वा नव्याने बनवलेली, ती इथल्या आयांबरोबर तपासून घ्यावी लागते. नवीन, २४ प्रश्नांची प्रश्नावली धरून हे काम पुढे सांगितलं आहे.

१. काय मोजायचं ते आधी लिहून काढा

वय ठरवा. ३ ते ५ वर्षं पूर्ण झालेली मुलं घेतली तर ती अंगणवाडीत एकत्र सापडतात. मग वागणुकीचे चार भाग करा: राग आणि आदळआपट, सांगितलेलं करायला नकार, मारणं-चावणं-तोडफोड, आणि दुसऱ्याला लागलं-दुखलं तरी काही न वाटणं. प्रत्येक भागाचे सहा प्रश्न, पण सुरुवातीला दहा-दहा लिहा. दहातले चारेक पुढच्या पायऱ्यांत गळतातच.

एखादी गोष्ट घडते का, एवढंच विचारून काही हाती लागत नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात महिन्याभरात कधी ना कधी आदळआपट करणारी मुलं बहुसंख्य निघाली. रोज करणारी मात्र दहात एकाहूनही कमी होती. त्यामुळे किती वेळा, किती वेळ आणि कशावरून, हे प्रश्नातच आलं पाहिजे. भूक लागली किंवा झोप आली म्हणून चिडणं वेगळं आणि काही कारण नसताना चिडणं वेगळं.

२. परवानग्या

दुसऱ्याची प्रश्नावली वापरायची असेल तर प्रताधिकार असलेल्यांची लेखी परवानगी भाषांतराच्या आधी घ्या. संशोधनाच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी पाया धरतात. अंगणवाडीतून मुलं घ्यायची तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं पत्र हवं. पालकांचं संमतिपत्र साध्या मराठीत असावं आणि वाचता न येणाऱ्या आईला ते साक्षीदारासमोर वाचून दाखवावं.

३. भाषा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मूळ प्रश्नावली परभाषेतली असेल तर दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करावं, तिसऱ्याने त्यातून एक मसुदा जुळवावा आणि मूळ न पाहिलेल्या माणसाने तो उलट भाषांतर करून दाखवावा. हे सगळे करतात. तरी उलट भाषांतर तंतोतंत जुळलं म्हणून आईला प्रश्न कळला असं धरू नका. पुण्याच्या पुस्तकी मराठीतून इंग्रजी अगदी सुबक होतं, गेवराईच्या वस्तीवर मात्र तोच प्रश्न दोनदा वाचावा लागतो.

एकच वाक्य जवळून बघा: «सांगितलेलं ऐकत नाही.» वरवर निर्दोष. पण उत्तराच्या पर्यायात पहिलाच «कधीच नाही» आहे. «ऐकत नाही, कधीच नाही» याचा अर्थ लेकरू नेहमी ऐकतं की कधीच ऐकत नाही? अर्ध्या आया एक अर्थ घेतात, अर्ध्या दुसरा, आणि गुण उलटे पडतात. शिवाय मराठीत «ऐकणं» म्हणजे कानाने ऐकणंही आणि मानणंही. ज्या लेकराला कमी ऐकू येतं त्याची आईसुद्धा खरं तेच सांगेल, आणि आपण त्याच्या खात्यात हेकेखोरपणा जमा करू. म्हणून प्रश्न होकारार्थी करा: «साधं काम सांगितलं, जसं की चप्पल जागेवर ठेव, तर मुद्दाम नकार देतं.» कानाचा प्रश्न वेगळा ठेवा: «मागून हाक मारली तर वळून बघतं का?» याचे गुण बेरजेत धरायचे नाहीत.

असाच «हट्ट». बालहट्ट आपल्याकडे कौतुकाचा विषय आहे. «लई हट्टी हाय, बापावर गेलाय» हे आई हसून सांगते. «हट्ट करतं का?» याला जवळपास प्रत्येक घरातून हो येतं, मग त्या प्रश्नाने मुला-मुलांतला फरक कळत नाही. «खोडकर», «अवखळ» यांतही लाड लपलेले आहेत, तर «आगाव»मध्ये ठपका आहे. असे शब्द काढून दिसणारी कृती लिहा: «हवी ती वस्तू मिळाली नाही तर चहा उकळून होईपर्यंत रडत-ओरडत राहतं.» पाच मिनिटं म्हटलं तर कोणी घड्याळ बघत नाही, चहाचा वेळ मात्र सगळ्यांना ठाऊक असतो.

«चिडून मारतं किंवा वस्तू फेकतं» हे दोन प्रश्न आहेत, ते तोडा. मुलगा-मुलगी अशा तिरक्या रेघांची गर्दीही नको. «लेकरू» हा नपुंसकलिंगी शब्द मराठवाड्यात रोजच्या बोलण्यातला आहे. «लेकरू फेकतं, मारतं, चावतं» असं लिहिलं की एकच फॉर्म दोघांना चालतो आणि वाचणारी अडखळत नाही.

तांड्यावर घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, अनेक घरांत दखनी उर्दू, देगलूरकडे तेलुगू, उदगीरकडे कन्नड. तिथे विचारणाऱ्याने जागच्या जागी भाषांतर करून विचारू नये, कारण मग प्रत्येक घरात वेगळी प्रश्नावली होते. त्या भाषेची वेगळी आवृत्ती करा, नाहीतर पहिल्या तपासणीपुरती फक्त घरात मराठी बोलणारी कुटुंबं घ्या आणि अहवालात तसं नोंदवा.

४. उत्तराची मोजपट्टी

«कधी कधी», «बऱ्याचदा» हे शब्द प्रत्येकीचे वेगळे असतात. त्याऐवजी मोजता येईल असं द्या:

० – महिन्याभरात एकदाही नाही
१ – महिन्यातून एक-दोनदा
२ – आठवड्यातून एक-दोन दिवस
३ – आठवड्यातले बहुतेक दिवस
४ – रोज, किंवा दिवसातून अनेकदा

२४ प्रश्नांची बेरीज ० ते ९६ मध्ये येईल. «गेल्या महिन्यात» म्हटलं की आठवण वर्षभर भटकते, म्हणून महिना गावच्या आठवडी बाजारावर बांधा: «मागचे चार बाजार झाले, तेवढ्या दिवसांत.» वाचता न येणाऱ्यांसाठी कार्डावर पाच तांबे काढा: रिकामा, पाव, अर्धा, पाऊण आणि काठोकाठ. प्रत्येक प्रश्नाला आईने बोट ठेवायचं.

५. आयांना प्रश्न कसा कळला ते ऐका

आकडे गोळा करण्याआधी ८ ते १० पालकांशी सावकाश बोला. प्रत्येक प्रश्नानंतर विचारा: «ताई, हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा.» «उत्तर देताना कोणता प्रसंग डोळ्यांसमोर आला?» «बहुतेक दिवस म्हणजे किती धरले?» उत्तर बरोबर की चूक हे इथे बघायचं नसतं, ती त्या उत्तरापर्यंत कशी पोचली ते बघायचं असतं. दोघींनी जरी वेगळाच अर्थ घेतला तरी प्रश्न बदला आणि नव्या ८ ते १० जणींबरोबर दुसरी फेरी करा. यात दोन-तीन आज्या हव्यातच. बीड, धाराशिव, जालन्यात ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची कितीतरी लेकरं हंगामभर आजीजवळ असतात, आणि मग उत्तर देणारी तीच असते.

६. विचारायचं कसं

फॉर्म हातात देऊन परत मागू नका, सगळ्यांना वाचूनच विचारा. काहींनी स्वतः भरलेला आणि काहींना वाचून दाखवलेला, असे दोन प्रकार मिसळले की फरक लेकराचा की पद्धतीचा, हे कळत नाही. प्रश्न कळला नाही तर तोच जसाच्या तसा पुन्हा वाचावा. «म्हणजे असं बघा» म्हणून समजावायला लागलात की उत्तर तुमचं होतं.

सासू किंवा शेजारीण शेजारी बसली असेल तर गुण खाली येतात. लेकराची तक्रार म्हणजे आईची नालस्ती असं घरात धरलं जातं. ओट्यावर न विचारता आतल्या खोलीत किंवा अंगणवाडीत बोलवा. त्याच गावच्या सेविकेने तिच्याच अंगणवाडीतल्या पालकांना विचारू नये. आई तिच्यासमोर लेकराची बाजू सावरून बोलते. शेजारच्या गावची सेविका चालेल, दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि पाच सराव मुलाखती झाल्यावर.

वेळही बघा. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी जी जाते ती दिवे लागायलाच येते. तेव्हा चुलीपुढे बसून दिलेली उत्तरं घाईची असतात. २४ प्रश्नांना १५ ते २० मिनिटं लागतात, तेवढा निवांतपणा मिळेल तेव्हाच जा.

७. छोटी चाचणी, मग मोठी

आधी ३० पालक घ्या. ज्या प्रश्नाला दोघा-तिघांहून जास्त जणांनी उत्तर टाळलं तो पुन्हा लिहा. ज्याला जवळपास सगळ्यांनी एकच गुण दिला तो बहुधा निरुपयोगी, पण इथे घाई नको. मुक्या जनावराला मुद्दाम इजा करणं दुर्मिळच असतं, तरी ज्या लेकरात ते दिसतं त्याच्याबद्दल बरंच सांगून जातं.

मोठ्या चाचणीला दर प्रश्नामागे किमान दहा पालक धरले तर २४० होतात. गळती धरून ३०० घ्या. १५ अंगणवाड्यांतून २०-२० घेण्यापेक्षा ३० अंगणवाड्यांतून १०-१० घेतलेले बरे, एका वस्तीतली घरं एकमेकांसारखी असतात. शहर आणि खेडं, मुलं आणि मुली, तिन्ही वयं सारखी यावीत. वय आईला न विचारता लसीकरण कार्डावरून लिहा. «चारचा असल» यात वर्षाचा फरक निघतो, आणि या वयात एक वर्ष फार मोठं असतं.

८. आकडेमोड

हे संगणक करतो, आपण वाचायचं. सहसंबंध म्हणजे दोन आकडे किती बरोबरीने वर-खाली होतात ते: ० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पुरता मेळ. प्रत्येक प्रश्नाचा बाकीच्या बेरजेशी सहसंबंध ०.३० च्या खाली असेल तर तो प्रश्न संशयित. प्रत्येक भागाचा क्रोनबाख अल्फा, म्हणजे त्या भागातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, ०.७० ते ०.९० मध्ये असावा. ०.९५ च्या वर गेला तर आनंद मानू नका, तुम्ही एकच गोष्ट सहा वेळा विचारताय. चार भाग खरंच चार आहेत का, हे घटक-विश्लेषणाने (कोणते प्रश्न एका गटात पडतात ते दाखवणाऱ्या आकडेमोडीने) निम्म्या पालकांच्या उत्तरांवर शोधा आणि उरलेल्या निम्म्यावर पडताळा.

५० पालकांना १० ते १४ दिवसांनी त्याच माणसाने पुन्हा विचारावं. दोन्ही बेरजांचा अंतर्वर्गीय सहसंबंध, म्हणजे दोन्ही वेळचे गुण किती जुळतात तो आकडा, ०.७० हून कमी आला तर मापन डळमळीत आहे. दुसऱ्या वेळी गुण थोडे घसरणं सगळीकडेच आढळतं. सगळ्यांचे सारखे घसरले तर विचारणाऱ्याला दोष देऊ नका. पण पहिल्यांदा आईने आणि दुसऱ्यांदा आजीने उत्तर दिलं असेल तर ती जोडी बाद करा.

आई आणि सेविका यांची उत्तरं जुळली नाहीत म्हणून घाबरू नका. मानसशास्त्रज्ञ आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा आईवडिलांसारख्या एकाच जागी मूल पाहणाऱ्यांमधला सहसंबंध सरासरी ०.६० आणि पालक-शिक्षकांसारख्या वेगळ्या जागी मूल पाहणाऱ्यांमधला ०.२८ निघाला. लेकरू घरात एक असतं, अंगणवाडीत दुसरं. दोन्ही नोंदी ठेवा, त्यांची सरासरी काढू नका.

९. मर्यादेचा आकडा

ज्यांचे गुण जास्त आले ती सगळी मुलं आणि कमी गुणांतली चिठ्ठ्या टाकून निवडलेली काही मुलं बालमानसतज्ज्ञांना दाखवा, गुण न सांगता. जास्त गुणांची सगळी आणि कमी गुणांतली थोडीच मुलं घेतली, म्हणून आकडेमोडीत या निवडीचं वजन धरायला विसरू नका. तज्ज्ञांचा निर्णय आणि प्रश्नावलीची बेरीज समोरासमोर ठेवून मर्यादा, म्हणजे किती गुणांपासून पुढची तपासणी सुचवायची तो आकडा, ठरते.

समजा ३०० मुलांत ३० जणांना खरी अडचण आहे, आणि निवडलेल्या मर्यादेला प्रश्नावली त्यातले ८० टक्के पकडते व बाकीच्यांतले ८० टक्के बरोबर वगळते. २४ सापडले, ६ सुटले. पण उरलेल्या २७० पैकी ५४ उगीच यादीत आले. यादी ७८ जणांची, त्यात खरे २४, म्हणजे तिनात एकही पूर्ण नाही. प्रश्नावली निदान करत नाही म्हणतात ते यामुळे. म्हणून आईला सांगताना «तुमच्या लेकराला दोष निघाला» हे वाक्य तोंडातून जाता कामा नये. «आणखी एकदा नीट बघून घेऊ» एवढंच.

१०. यादीतल्या लेकरांचं काय

ही सोय चाचणीच्या आधी झालेली हवी. पहिल्यांदा कान आणि बोलणं तपासा. ज्याला ऐकू येत नाही किंवा सांगता येत नाही, ते लेकरू हातपाय आपटूनच बोलतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. त्या तारखा सेविकेकडून घेऊन ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन क्रमांक संमतिपत्राच्या मागे छापा. मुलाखतीत घरातल्या मारहाणीची गोष्ट निघाली तर विचारणाऱ्याने काय करायचं आणि कोणाला कळवायचं, हे प्रशिक्षणातच ठरलेलं असावं.

ऊसतोड करणाऱ्या कुटुंबांची टोळी दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. त्यांच्या लेकरांची पहिली मुलाखत, १४ दिवसांनंतरची दुसरी आणि तज्ज्ञांची भेट, तिन्ही श्रावण-भाद्रपदात उरकतील अशी आखणी करा. जाताना आईच्या हाती चिठ्ठी द्या: लेकराचं नाव, तपासणीची तारीख, काय आढळलं आणि परत आल्यावर कोणाला भेटायचं.