वाडीतल्या बायकांना पिशवीच्या म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करायला कसं न्यायचं

पहिली गोष्ट म्हणजे "कॅन्सरची तपासणी" हा शब्द सुरुवातीला काढायचाच नाही. मी पहिल्या वर्षी काढला होता. देवगडच्या बाजूला आमची वाडी, बचत गटात आम्ही तेवीस जणी, आणि मी मीटिंगमधे उभी राहून सरळ सांगितलं की कॅन्सरची तपासणी आहे, गुरुवारी चला. तीन जणी आल्या, त्यातली एक माझी जाऊ, ती पण मी ओढत नेली म्हणून. बाकीच्यांचं एकच, "माका काय झालाहा? मी कित्याक येऊ?" दुसऱ्या वर्षी नुसतं म्हटलं पिशवीचं तोंड बघून घेऊया, दहा मिनिटांचं काम आहे, येताना बाजार पण करू. सोळा आल्या. गाडीत बसल्यावर मग सगळं नीट सांगितलं, कॅन्सरचं पण सांगितलं, लपवायचं काहीच नाही, फक्त कुठे आणि कधी सांगायचं ते बघायचं.

"मला काही होत नाही" याला आमच्याकडे उत्तर सोपं आहे कारण सगळ्यांच्या कलमांना खोडकिडा लागून झालेला आहे. झाड हिरवंगार असतं, मोहोर पण येतो, आणि आत अळी पोखरत असते, बुंध्याशी भुसा दिसला तेव्हा बराच उशीर झालेला असतो. इथे भुसा म्हणजे अंगावरून रक्त जाणं. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त आलं, किंवा वास मारणारं पाणी जातंय, तर त्या बाईला शिबिराची वाट बघायला लावायची नाही, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यायचं, त्याच आठवड्यात. माझ्या चुलत सासूबाईंनी हे "उष्णता झाली" म्हणून सब्जाचं पाणी पीत आठ महिने अंगावर काढलं, आणि आम्ही घरातल्यांनी पण विचारलं नाही, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता व्हायरसचं कसं समजवायचं, कारण हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो. एचपीव्ही म्हटलं की एचआयव्ही ऐकू येतं आणि अर्धी गाडी गप्प होते, म्हणून मी चामखिळीपासून सुरू करते. चामखीळ सगळ्यांनी बघितलेली आहे, तो पण ह्याच घराण्यातला व्हायरस. घराण्यात दोनशेच्या वर भाऊबंद आहेत, आणि भाऊबंदकी काय असते ते कोकणात कोणाला शिकवावं लागत नाही, बहुतेक जण निरुपद्रवी, खरे त्रास देणारे डझनभरच, त्यात १६ नंबर आणि १८ नंबर सगळ्यात खोडसाळ, पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के ह्या दोघांचे. हे शोधलं जर्मनीच्या हाराल्ड झुर हौसेन यांनी. १९७० च्या दशकात बरेच शास्त्रज्ञ नागिणीच्या जातीतल्या हर्पीस व्हायरसच्या मागे होते, हा माणूस म्हणत राहिला की नाही, चामखिळीवाला बघा, आणि १९८३ मधे १६ नंबर आणि १९८४ मधे १८ नंबर कॅन्सरच्या गाठीतूनच काढून दाखवला. नोबेल मिळालं ते २००८ मधे.

आणि तो आत जाऊन करतो काय, हे विचारणारी एक तरी असतेच, तिला राखणदाराची गोष्ट सांगायची. प्रत्येक पेशीत दोन राखणदार असतात, एकाचं नाव पी५३, दुसऱ्याचं आरबी, पेशी बिघडली की तिला वाढू द्यायची नाही हे त्यांचं काम. व्हायरसची दोन प्रथिनं आहेत, ई६ आणि ई७, ई६ पहिल्या राखणदाराला संपवतं आणि ई७ दुसऱ्याला निकामी करतं, मग वाडी मोकळीच. पण हे सगळ्यांच्या बाबतीत होत नाही, बहुतेक बायकांचं शरीर एक-दोन वर्षात व्हायरसला आपणहून हाकलतं, ज्या थोड्या जणींमधे तो ठाण मांडून बसतो त्यांचंच पुढे बिघडतं, आणि तेही साधारण पंधरा-वीस वर्षं घेत. एचआयव्ही असलेल्या बाईत ते लवकर होऊ शकतं म्हणून तिची तपासणी पंचविशीपासून आणि जास्त वेळा. हा पंधरा-वीस वर्षांचा वेळ आपल्या हातात आहे. एवढी सवड देणारे कॅन्सर फार नाहीत.

मग येतो खरा प्रश्न, तो कधी मोठ्याने येत नाही, परत येताना कोणीतरी शेजारी सरकून विचारते. "माझो घोव मुंबैक, वर्षाक दोनदा येता, माका खयसून होतला?" इथे फार सांभाळून बोलायचं. संबंधातून पसरतो हे खरं, खोटं सांगू नका. पण ज्यांचा कधी ना कधी संबंध आलाय त्यातल्या बहुतेकांना, बाई असो की पुरुष, आयुष्यात कधीतरी एचपीव्ही होऊन जातो, कळत पण नाही, आणि तो वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो त्यामुळे कधी आला कोणाकडून आला हे कुठलीच टेस्ट सांगत नाही. मी स्पष्ट सांगते की ही चारित्र्याची तपासणी नाही, रिपोर्ट घरात दाखवून भांडण काढू नका आणि कोणी काढलं तर मला फोन करा. एकदा खरंच फोन आला होता. गेले, चहा घेतला, नवऱ्याला चामखिळीपासून सगळं सांगितलं.

तपासणी कुठली करायची यावर माझं स्वतःचं मत झालंय, आणि ते अभ्यास वाचून झालंय. आपल्याच महाराष्ट्रात, उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १,३१,७४६ बायकांवर मोठा अभ्यास झाला, वय ३० ते ५९, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसं त्यात होती, निकाल २००९ ला छापून आला. गावांचे चार गट केले, एकात एचपीव्हीची टेस्ट एकदाच, एकात पॅप म्हणजे तोंडावरच्या पेशी काढून प्रयोगशाळेत बघणं, एकात अॅसिटिक अॅसिड लावून बघणं म्हणजे व्हीआयए, आणि चौथ्या गटात नेहमीचं जे मिळतं ते. आठ वर्षांनी बघितलं तर ह्या कॅन्सरने एचपीव्हीवाल्या गटात ३४ बायका गेल्या, चौथ्या गटात ६४. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या टेस्टने मरण निम्म्यावर आलं. चौथ्या गटाला तपासणी दिलीच नाही यावर नंतर टीका पण झाली, आणि मला वाटतं ती व्हायलाच हवी होती.

त्याच अभ्यासात व्हीआयए एकदा करून ठळक फरक दिसला नव्हता. पण मुंबईत टाटा हॉस्पिटलने वस्त्यांमधे आरोग्यसेविकांना शिकवून तीच व्हीआयए दर दोन वर्षांनी चार वेळा केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तामिळनाडूत दिंडिगुलला नर्सबाईंनी एकदाच करून पण फरक पडला होता, म्हणजे बघणारीची नजर किती तयार आहे यावर पण असणार. माझा अर्थ असा की एचपीव्ही टेस्ट मिळत असेल तर तीच घ्या, आणि आपल्या उपकेंद्रावर व्हीआयएच मिळत असेल तर ती घ्या पण एकदा करून मोकळ्या होऊ नका, सरकारी नियमात ३० ते ६५ वयाला दर पाच वर्षांनी आहे. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या काकींना व्हीआयए नीट होत नाही, कारण जी जागा बघायची असते ती आत सरकलेली असते, त्यांच्यासाठी एचपीव्ही किंवा पॅप मागा. पिशवी काढलेली असेल तर तोंडासकट काढली की तोंड ठेवलंय हे जुन्या कागदावर बघायचं, तोंड असेल तर तपासणी आहेच.

दिवस कुठला धरायचा हे सगळ्यात महत्त्वाचं आणि यावर कोणी लिहीत नाही. लावणीत नाही, गणपतीत नाही, चतुर्थीच्या आधी पंधरा दिवस तर विषयच काढू नका. भातकापणी झाली की आंगणेवाडीच्या जत्रेपर्यंत मधे जो वेळ असतो तो धरा, त्यानंतर आंबा सुरू झाला की कोणी हाताला लागत नाही. आशाताईला एक महिना आधी सांगा, तिच्याकडे तीस वर्षांवरच्यांचे फॉर्म असतातच, ती उपकेंद्राच्या सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमशी बोलते. जिची पाळी चालू आहे तिला पुढच्या फेरीत घ्या. दोन दिवस आधी संबंध नाही, आत ठेवायचं औषध नाही. साडी किंवा गाऊन घालून या म्हणायचं, लेगिंगवाल्या उगाच अवघडतात, आणि टेबलावर जायच्या आधी लघवीला जाऊन यायचं.

आत काय होतं ते पण आधीच सांगून टाका, भीती निम्मी तिथेच उतरते. बदकाच्या चोचीसारखं साधन आत घालून तोंड दिसेल एवढं उघडतात, दाबल्यासारखं वाटतं, श्वास सोडला की सोपं जातं. व्हीआयएमधे पातळ अॅसिटिक अॅसिड लावतात, थोडं चुरचुरतं, एक मिनिट थांबून बघतात, बिघडलेल्या पेशी असतील तर पांढरा डाग उठतो. व्हिनेगरमधे हेच असतं असं सांगितलं तर आमच्या एका काकीने विचारलं, "मगे आगळ लावल्यान चलात काय?" आगळ म्हणजे कोकमाचा आंबट रस. नाही चालत काकी, आणि घरी व्हिनेगर पण लावायचं नाही. एचपीव्ही टेस्टला नुसता ब्रश फिरवून नमुना घेतात, काही ठिकाणी बाईला स्वतःच घ्यायला देतात, लाजणाऱ्यांसाठी ते फार बरं.

रिपोर्ट. इथे माझाच अनुभव वाईट आहे, माझा नमुना दिला आणि पाच महिने रिपोर्ट आलाच नाही, विचारायला गेले तर ढिगात सापडला. तेव्हापासून एक वही केली, नाव, तारीख, कुठली टेस्ट, रिपोर्ट कधी येणार, आला का. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही हे त्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय. पॉझिटिव्ह म्हणजे पुढचं बघायला हवं, बहुतेक वेळा दुर्बिणीतून म्हणजे कॉल्पोस्कोपी, लागलं तर छोटा तुकडा काढून तपासतात. तुकड्याच्या रिपोर्टवर सीआयएन असं लिहिलेलं असतं, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा पेशींचा बिघाड, १ ते ३ पायऱ्यांचा, त्यात सीआयएन १ असेल तर सहसा वाट बघतात, ते बऱ्याचदा आपणहून जातं. २ आणि ३ ला उपचार. सीआयएन ३ नुसतं सोडून दिलं तर काय होतं हे न्यूझीलंडला ऑकलंडमधे कळलं, तिथे एका डॉक्टरने बायकांना न सांगता उपचार रोखून ठेवले होते, नंतर हिशोब केला तर तीस वर्षात अशा साधारण ३१ टक्के बायकांना कॅन्सर झाला. उपचार मोठे नाहीत, डाग छोटा असेल तर गरम टोकाने मिनिटभरात जाळतात, नाहीतर तारेच्या कड्याने तेवढा भाग काढतात, त्याच दिवशी घरी. नंतर काही आठवडे पाणी जातं आणि महिनाभर तरी संबंध टाळायचे, हे नवऱ्याला कोण सांगणार ते आधी ठरवा, आमच्याकडे आशाताई सांगते.

मुलींची एचपीव्हीची लस. गाडीत आई बसलेली असतेच, तेव्हाच विषय काढायचा. ९ ते १४ वय सगळ्यात चांगलं, व्हायरसशी गाठ पडायच्या आधी, कारण आधीच आत बसलेला व्हायरस लस काढत नाही. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक २०२३ पासून आहे. "एका डोसाने काय होतंय" असं कोणी म्हणालं तर ही गोष्ट सांगा. भारतात मुलींवर दोन डोस चांगले की तीन असा अभ्यास चालू होता, २०१० मधे दुसऱ्याच एका प्रकल्पातल्या मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला, ते मृत्यू लसीने झाले नव्हते पण सरकारने सगळंच थांबवलं, आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. शास्त्रज्ञांनी त्या मुलींना सोडलं नाही, दहा वर्षं बघत राहिले, तर १६ आणि १८ नंबर ठाण मांडून बसण्यापासून एका डोसाचं संरक्षण जवळपास दोन-तीन डोसांएवढंच, ९५ टक्क्यांच्या आसपास. २०२२ मधे जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पण चालेल म्हटलं त्यात ह्या आपल्या मुलींचा वाटा आहे. लस घेतलेल्या मुलीला पण तिशीनंतर तपासणी आहेच, ती चुकत नाही.

वहीत आता एकोणीस नावं झाली. चार जणी अजून यायच्यात, त्यातल्या दोघी मुंबईला मुलाकडे असतात, त्यांना मे महिन्यात आल्या की गाठणार, आणि आगळवाल्या काकी परवा स्वतःहून विचारत होत्या की माझी पुढची तारीख कधी, तर ती मी त्यांच्या कॅलेंडरच्या मागे लिहून आले, गॅसच्या नंबरच्या खाली.