ऑइल प्रेशर कमी दिसले तर इंजिन खोलण्याआधी

जुन्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरचा काटा खाली आला की बहुतेक ठिकाणी थेट हाफ इंजिनच्या कामाचा, म्हणजे इंजिन खोलून पिस्टन-रिंग, बेअरिंग बदलण्याचा, सल्ला मिळतो. प्रत्यक्षात दोष अनेकदा काट्यात किंवा सेन्सरमध्येच असतो.

१. प्रथम ऑइलची पातळी पाहावी. पातळी वाढलेली असून डिझेलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये होणारी डिझेलची गळती शोधून दुरुस्त करावी आणि ऑइल बदलावे.

२. इंजिन ब्लॉकवरील सेन्सर काढून त्या जागी नळीचा यांत्रिक गेज बसवावा. सेन्सरचे आटे प्रत्येक मॉडेलला निराळे असल्याने, पुण्यात नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानात जाताना जुना सेन्सर सोबत न्यावा, म्हणजे जुळणारा जोड तिथेच तपासून घेता येतो.

३. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, आधी मंद गतीवर आणि मग रेस वाढवून, आकडे मॅन्युअलशी ताडून पाहावेत. थंड इंजिनवरचा आकडा नेहमीच फसवा असतो.

गेजवर दाब योग्य आला तर केवळ सेन्सर बदलावा. तो खरोखरच कमी असेल, तर चेंबर (इंजिनखालचे ऑइलचे भांडे) उतरवून ऑइल पंपाची जाळी धुवावी आणि रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (जादा दाब सोडणाऱ्या झडपेत) कचरा अडकला आहे का, हे पाहावे. एवढे करूनही गरम इंजिनवर दाब पडत असेल तरच पंप व बेअरिंगकडे वळावे.

दाब वाढवण्यासाठी रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालू नये, कारण त्याने झिजलेले बेअरिंग सुधारत नाही आणि दोष मात्र झाकला जातो.